चाफ्याला शेंग कशी आली? माहीममधील एका झाडाचा प्रकरण अभ्यास

ऑगस्ट २०२२ मधल्या एका संध्याकाळी शेजारच्या सोसायटीचे सेक्रेटरी घरी आले आणि चहा येण्याआधीच त्यांनी मोबाइलमधला एक फोटो माझ्यापुढे धरला. त्यांच्या अंगणातल्या पांढऱ्या चाफ्याच्या एका फांदीच्या टोकाला, पानांच्या झुबक्यातून, बैलाच्या शिंगांसारखी दोन हिरवट-तपकिरी शिंगे बाहेर आली होती. देठाशी एकत्र आणि तिथून एकमेकांकडे पाठ करून दोन दिशांना गेलेली. फोटोसोबत अकरा सभासदांच्या सह्यांचा अर्ज होता. झाडाला रोग लागला आहे, ती फांदी पार्किंगवर येते, मुले खाली खेळतात, तेव्हा ती तातडीने छाटावी, असे त्यात म्हटले होते. मी तीस वर्षे महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवले असल्यामुळे छाटणीआधी ‘सरांना एकदा दाखवू’ असे कमिटीत ठरले होते.

ती शेंग होती. शास्त्रीय भाषेत तिला पेटिकाफळ म्हणतात, कारण ती वाटाण्याच्या शेंगेसारखी दोन्ही कडांनी न उकलता एकाच कडेने उकलते. परंतु हे उत्तर देऊन प्रकरण मिटण्यासारखे नव्हते. हे झाड १९७८ साली लावलेले; दुसऱ्या मजल्यावरच्या आजींच्या यजमानांनी रेवदंड्याच्या एका देवळाच्या आवारातून दीड हात लांबीची फांदी गोणपाटात गुंडाळून एसटीने आणली आणि अंगणाच्या कोपऱ्यात खोचली. तेव्हापासून दर उन्हाळ्यात ते फुलांनी लदलेले असते, आणि चव्वेचाळीस वर्षांत त्याला फळ आलेले कोणी पाहिले नव्हते. आजींचा स्पष्ट प्रश्न होता, “सर, मग आत्ताच का आलं?” पुढची दीड-दोन वर्षे मी या प्रश्नामागे होतो, आणि हे लेखन त्याचा वृत्तांत आहे.

सभेतली मते

त्या रविवारी झालेल्या सभेत तीन मते पुढे आली. बहुसंख्यांना रोगाची शंका होती आणि तिला थोडा आधारही होता, कारण पावसाळ्यात चाफ्याच्या पानांच्या खालच्या बाजूला नारिंगी पूड दिसते. हा तांबेरा नावाचा बुरशीजन्य रोग आहे. त्याने पाने लवकर गळतात, झाड मात्र त्याने सहसा मरत नाही, आणि शेंगांशी त्याचा काडीचा संबंध नाही. दुसरे मत अपशकुनाचे होते, त्यावर मी बोललो नाही. तिसरे मत सावंतवाडीकडच्या एका गृहस्थांचे: चाफ्याची शेंग दुर्मीळ असते, ती सर्पदंशावर चालते, तेव्हा ती काढून कोणाच्या तरी घरी जपून ठेवावी. याला मात्र मी तिथेच हरकत घेतली. सर्पदंश झाल्यावर एकच गोष्ट करायची, ती म्हणजे रुग्णाला न चालवता, न हलवता, थेट रुग्णालयात नेऊन प्रतिसर्पविष देणे. शेंग उगाळण्यात गेलेली वीस मिनिटे जिवावर बेतू शकतात. शिवाय चाफ्याचा पांढरा चीक त्वचेला दाह करणारा आणि पोटात गेल्यास त्रासदायक असतो. शेंग दुर्मीळ असते हे त्यांचे म्हणणे मात्र बरोबर होते, आणि खरे कोडे तिथेच होते.

छाटणीचा विषय एका वाक्यात संपला. महाराष्ट्राच्या १९७५ च्या नागरी क्षेत्रातील वृक्ष संरक्षण कायद्यानुसार परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही आणि मुंबईत फांद्या छाटायच्या तरी पालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज करावा लागतो, हे सेक्रेटरींनीच वाचून दाखवले. अर्ज फाइलला लागला.

हा चाफा कुठला

मराठीत चाफा हे आडनाव फार जणांनी लावले आहे. मूळ मान सोनचाफ्याचा. संस्कृतातला चंपक तोच. हिरवा चाफा सीताफळाच्या कुळातला, नागचाफा वेगळ्याच कुळातला कणखर लाकडाचा वृक्ष, आणि भुईचाफा तर आल्याहळदीच्या कुळातला. ज्याला आपण पांढरा चाफा, देवचाफा किंवा खुरचाफा म्हणतो त्याचे यांच्यापैकी कोणाशीही नाते नाही. तो कण्हेर, तगर आणि सदाफुलीचा भाऊबंद आहे, हे पान तोडताच वाहणाऱ्या चिकावरून कळते.

देवळांशी त्याची इतकी सोयरीक झाली आहे की तो परदेशी आहे हे सांगितल्यावर लोक किंचित दुखावतात, सभेतही दुखावले. त्याचे माहेर मेक्सिको, मध्य अमेरिका आणि तिथून दक्षिण अमेरिकेच्या उत्तर टोकापर्यंतचा कोरडा, उष्ण टापू. मेक्सिकोतले नाहुआ भाषक त्याला ‘काकालोशोचित्ल’, म्हणजे कावळ्याचे फूल, म्हणत. १५६५ पासून अडीचशे वर्षे स्पॅनिश गलबते मेक्सिकोतले आकापुल्को बंदर ते फिलिपिन्समधले मनिला अशी ये-जा करत होती. फिलिपिन्समध्ये आजही या झाडाला ‘कालाचुची’ म्हणतात आणि तो त्याच नाहुआ शब्दाचा झिजलेला अवतार आहे. झाडाबरोबर नावही समुद्र ओलांडून गेल्याचे इतके सरळ उदाहरण मला दुसरे आठवत नाही. शास्त्रीय नाव ‘प्लुमेरिया’ हे शार्ल प्लुमिए या सतराव्या शतकातल्या फ्रेंच धर्मगुरू-वनस्पतिशास्त्रज्ञाच्या स्मरणार्थ आहे. वनस्पतींच्या शास्त्रीय नावांची पद्धत घालून देणाऱ्या लिनिअसने ते १७५३ च्या ग्रंथात वापरले.

या प्रकरणासाठी त्याहून महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. माहीमच्या अंगणातला पिवळ्या गाभ्याचा, टोकदार पानांचा, हिवाळ्यात पानगळ होणारा पांढरा चाफा आणि बागांमधला लाल किंवा गुलाबी चाफा या दोन जाती नाहीत. दोन्ही ‘प्लुमेरिया रुब्रा’ या एकाच जातीची रूपे आहेत. गोलसर टोकाच्या गडद पानांचा आणि बाराही महिने हिरवा राहणारा चाफा तेवढा ‘प्लुमेरिया ऑब्ट्युसा’, म्हणजे निराळा. तेव्हा लाल चाफ्याच्या परागाने पांढऱ्या चाफ्याला फळ धरणे हे परक्या घरचे लग्न नव्हे.

फूल उघडल्यावर

फळ का येत नाही हे फुलात डोकावल्याशिवाय कळत नाही, आणि चाफ्याच्या फुलात डोकावता येत नाही, ही पहिली अडचण. पाच पाकळ्या खाली एकत्र येऊन जेमतेम दोन सेंटिमीटरची अरुंद नळी होते आणि सगळा संसार तिच्या तळाशी असतो. मी ताज्या फुलाची नळी दाढीच्या पात्याने उभी चिरली. चीक पुसून भिंगाखाली धरल्यावर तळाशी पाच इवले परागकोश टोके जुळवून उभारलेल्या तंबूसारखे दिसले. त्या तंबूत कुक्षीचे, म्हणजे फुलाच्या स्त्रीभागाच्या टोकाचे, फुगीर डोके आणि त्याखाली दोन सुटे बीजांडकोश, म्हणजे ज्यांचे पुढे फळ होते ते भाग, एकाच कुक्षिवृंताने, म्हणजे कुक्षीच्या दांड्याने, वर जोडलेले. फळ शिंगांच्या जोडीसारखे का दिसते याचे उत्तर इथेच मिळाले: प्रत्येक बीजांडकोशाचे एक शिंग. दोघांपैकी एकच वाढला तर शिंग एकटे दिसते.

खरी गंमत त्या फुगीर डोक्याची आहे. पराग वरच्या अंगाला सांडतो, मात्र पराग स्वीकारणारा भाग डोक्याच्या खालच्या बाजूला असतो. कीटकाची सोंड आत जाताना काही होत नाही. ती बाहेर येताना आधी खालच्या बाजूला घासते आणि दुसऱ्या फुलावरून आणलेला पराग तिथे उतरतो, मग चिकट पट्टा लागतो, आणि शेवटी याच फुलाचा पराग तिला चिकटून बाहेर जातो. म्हणजे आधी पाहुण्यांचे घ्यायचे, मग आपले द्यायचे, असा क्रम रचनेनेच बांधलेला आहे. फुलाचा स्वतःचा पराग स्वतःच्या कामी सहसा येत नाही, आणि आला तरी या जातीत स्वपरागणाने फळ क्वचितच धरते.

आता सोंड कोणाची? नळी इतकी चिंचोळी की भुंगा किंवा मधमाशी तळाशी पोहोचत नाही. सुगंध रात्री वाढतो, रंग काळोखात दिसणारा, आणि लांब नळी: ही सगळी लक्षणे हॉक मॉथ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मोठ्या पतंगांसाठी आहेत, जे फुलापुढे हवेत तरंगत सोंड आत सोडतात. नवखा वाचक इथे समजेल की पतंगाला मध मिळतो आणि चाफ्याला पराग. तसे नाही. चाफ्याच्या नळीत मध नसतो. १९८४ साली विल्यम हेबर यांनी कोस्टा रिकामधल्या चाफ्यांवरचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातला मुद्दा हाच होता की हे झाड फसवणुकीवर जगते. आसपासच्या मधाळ फुलांसारखा वास आणि आकार घेऊन ते पतंगाला बोलावते आणि रिकाम्या हाती पाठवते. एक-दोन फुले चाखून पतंग शहाणा होतो आणि निघून जातो. त्यामुळे मायदेशातसुद्धा फुलांच्या मानाने फळे अगदी थोडी येतात.

मुंबईत त्यावर आणखी एक भर पडते. आपल्याकडे चाफा बियांपासून कोणी लावत नाही. फांदी तोडायची, चीक सुकू द्यायचा, आठ-दहा दिवसांनी खोचायची, की झाले. तोडून ठेवलेली फांदी पाण्याशिवाय फुलते, म्हणून तर देवळाबरोबर दर्ग्यात आणि कब्रस्तानातही ती लावतात. पण फांदीतून वाढलेले झाड हे मूळ झाडच असते. रेवदंड्याचा चाफा आणि माहीमचा चाफा कागदोपत्री दोन, वास्तविक एक. अशा एकाच झाडाच्या तुकड्यांनी गल्ल्या भरल्या असतील, तर पतंगाने कितीही पराग इकडून तिकडे नेला तरी तो स्वतःचाच पराग स्वतःला देणे ठरते.

मग २०२२ मध्ये काय बदलले

पहिला संशय मी हवामानावर घेतला आणि तो लवकरच सोडला, कारण गल्लीतल्या दुसऱ्या टोकाच्या, तितक्याच जुन्या चाफ्याला त्या वर्षीही काही आले नव्हते. झाडाच्या वयाचाही संबंध दिसेना. चाफा फांदीपासून लावल्यावर वर्षा-दोन वर्षांत फुलतो, त्याला प्रौढ व्हायला चार दशके लागत नाहीत.

मग कंपाउंडच्या पलीकडे पाहिले. तिथली जुनी चाळ पाडून २०१९ साली बावीस मजल्यांचा टॉवर उभा राहिला होता आणि त्याच्या पार्किंगच्या छतावर बाग केली होती. अशा बागांबद्दल माझे मत फारसे चांगले नाही. बहुतेक ठिकाणी रोपे कुंडीसकट आणून वर्षभराने कुंडीसकट फेकतात. इथे मात्र माळ्याने नर्सरीतून आणलेले सहा लाल आणि गुलाबी चाफे टिकवले होते, आणि त्याच्याच शब्दांत, “साहेब, मागच्या वर्षीपासून चांगले लागले.” शिवाय कंपाउंडच्या जाळीवर मधुमालती चढवली होती. मधुमालतीच्या लांब नळीत मध असतो, आणि संध्याकाळी पांढरी उमलणारी ती फुले हॉक मॉथला खरोखर जेवू घालतात. भोवती तगरीचे कुंपण, ज्याच्या पानांवर कण्हेरीच्या हॉक मॉथच्या जाड हिरव्या अळ्या वाढतात. म्हणजे एकाच बागेत पतंगांचे पाळणाघर, खानावळ आणि परका पराग, तिन्ही जमले होते, आणि फसवणारा चाफा वीस फुटांवर उभा होता.

हे सुचले ऑक्टोबरमध्ये, म्हणजे बहर सरल्यावर. पुढच्या मे महिन्यात आजींच्या गॅलरीतून, टॉर्चवर लाल जिलेटीन कागद लावून, मी सहा रात्री बसलो. चाफ्याची फांदी गॅलरीच्या कठड्यापासून हातभर अंतरावर येते. पाच रात्री मच्छर सोडून काही आले नाही. सहाव्या रात्री सव्वाआठच्या सुमारास मधुमालतीकडून काहीतरी घरघरत आले, राखी रंगाचे, चिमणीच्या पिलाएवढे. ते एका फुलापुढे क्षणभर थांबले, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या, आणि सरळ टॉवरकडे निघून गेले. सगळा प्रकार दहा सेकंदांचा. आजी जप करत होत्या; त्यांनी माळ न थांबवता विचारले, “गेलं का ते?”

दोऱ्यांचा प्रयोग

दहा सेकंदांच्या दर्शनावर निष्कर्ष काढणे मला पटत नव्हते. चाफ्याच्या नळीत थ्रिप्स नावाचे सुईच्या टोकाएवढे कीटकही वावरतात आणि एखाद्या वेळी तेच परागाची ने-आण करत असण्याची शक्यता होती. म्हणून त्याच महिन्यात माळ्याच्या शिडीवरून पंचाहत्तर फुलांवर हाताने परागण केले. पंचवीस फुलांना पांढरा दोरा, त्यांना त्याच झाडाचा पराग. पंचवीस फुलांना पिवळा दोरा, त्यांना गल्लीच्या टोकाच्या जुन्या चाफ्याचा. पंचवीस फुलांना लाल दोरा, त्यांना टॉवरच्या लाल चाफ्याचा. पद्धत कंटाळवाणी आहे. नळी एका बाजूने चिरायची, परागकोशांचा तंबू अलगद बाजूला करायचा, आणि मासेमारीच्या नायलॉन दोऱ्याच्या टोकावर घेतलेला पराग कुक्षीच्या डोक्याच्या खालच्या अंगाला लावायचा. वरच्या अंगाला लावला तर सगळे श्रम वाया. हातांना चीक लागून बोटे काळपट होतात आणि शर्टावर पडलेले डाग धुऊन जात नाहीत. माझे दोन शर्ट या प्रयोगात कामी आले.

बाकीची फुले नेहमीप्रमाणे दोन-चार दिवसांत अखंड गळून अंगणात पडली. जुलैच्या सुरुवातीला मोजले तेव्हा पांढऱ्या दोऱ्याचे एकही फूल धरले नव्हते, पिवळ्याचेही नाही. लाल दोऱ्याच्या तीन ठिकाणी करंगळीच्या नखाएवढी हिरवी शिंगे दिसत होती. त्यातली एक जोडी जुलैच्या वादळी पावसात गेली, दोन राहिल्या. पंचाहत्तर फुले हा लहान आकडा आहे, हे मी विद्यार्थ्यांना जितक्या कडकपणे सांगितले असते तितकेच इथे सांगतो. तरीही पिवळ्या दोऱ्याचे शून्य मला लाल दोऱ्याच्या तीनपेक्षा अधिक बोलके वाटते: गल्लीच्या टोकाचे झाड दिसायला दुसरे असले, तरी आजींच्या चाफ्याने त्याला आपलेच समजून नाकारले. चौकशी केल्यावर कळले की तीही फांदी आजींच्या यजमानांनीच, १९८० च्या सुमारास, या झाडावरून काढून दिली होती.

शेंगांचे पुढे काय झाले

पहिली, म्हणजे फोटोतली, जोडी पिकायला जवळजवळ दहा महिने लागले. दिवाळीपर्यंत शिंगे वीतभर झाली, जानेवारीत झाडाची सगळी पाने गळल्यावर ती उघड्या फांदीवर एकटीच काळी पडत राहिली आणि तेव्हा अर्जावर सही करणाऱ्यांपैकी काहींनी पुन्हा विचारणा केली. मार्चमध्ये एक शिंग उकलले. आम्ही गाफील होतो. बी चपटे, तपकिरी आणि एका बाजूला कागदासारखा पातळ पंख असलेले असते. शेंगेत ती पुस्तकाच्या पानांसारखी एकावर एक रचलेली असतात आणि वाऱ्याची झुळूक आली की गरगरत निघतात. त्या दुपारी ती स्कूटरच्या सीटवर, खिडकीच्या ग्रिलमध्ये, तिसऱ्या मजल्यावर वाळत घातलेल्या पापडांवर सापडली. दुसऱ्या शिंगाला मी संध्याकाळीच मच्छरदाणीच्या जाळीची पिशवी बांधली आणि आठवड्याने त्यातून अडतीस बिया मिळाल्या. वाळू आणि कोकोपीट समसमान घेऊन लावल्यावर दोन आठवड्यांत एकोणतीस उगवल्या. पावसाळ्यात पाणी साचून तेरा कुजल्या, कारण मी त्या ताकाच्या रिकाम्या डब्यांत लावल्या होत्या आणि खाली पाडलेली भोके पुरेशी मोठी नव्हती.

उरलेल्या सोळांपैकी पाच रोपांच्या पानांच्या कडा आणि मधली शीर लालसर आहे. आजींच्या झाडाची पाने तशी नाहीत, टॉवरच्या लाल चाफ्याची आहेत. पानावरून पितृत्व सिद्ध होत नाही, हे मला माहीत आहे, पण दोऱ्यांच्या प्रयोगाशी हे जुळते. बियांपासून वाढलेला चाफा फुलायला साधारण तीन वर्षे किंवा अधिक घेतो आणि आईबापांपैकी कोणासारखाच निघेल याची खात्री नसते. नर्सऱ्या बियांऐवजी फांद्याच का विकतात ते यावरून समजावे.

सोसायटीने अकरा सह्यांचा अर्ज रीतसर निकाली काढला आणि फांदी राहिली. दहा रोपे सभासदांनी नेली, त्यात सह्या करणारे सहा जण होते. सावंतवाडीच्या गृहस्थांनी रिकामी फुटलेली शेंग मागून घेतली. ती औषध म्हणून वापरणार नाही असे त्यांच्याकडून वदवून घेऊनच मी दिली, आणि आता ती त्यांच्या दिवाणखान्यात काचेच्या कपाटात पितळी घोड्याशेजारी आहे. लाल दोऱ्याच्या दोन जोड्यांना मी डिसेंबरमध्येच जाळी बांधून टाकली. वॉचमनला वाटले पक्ष्यांसाठी काही टांगले आहे, म्हणून तो रोज सकाळी त्याखाली मूठभर तांदूळ टाकत असे, आणि शेंगा पिकेपर्यंत त्याला कोणी थांबवले नाही.